चंदनाकाकूंचा चौका

शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत चंदना मगदूम कुठं राहतात असं विचारलं तर निम्मी गल्ली डोकं खाजवायची. पण ‘चौक्याच्या काकू’ म्हटलं की रिक्षावालासुद्धा पावण्याला थेट दारात आणून सोडायचा. दिगंबर जैन साधूंचा संघ गावात मुक्कामाला आला की मुनींच्या आणि आर्यिका म्हणजे साध्वी माताजींच्या आहारासाठी सोवळ्यातलं वेगळं स्वयंपाकघर लावतात, त्याला चौका म्हणतात. पाणी विहिरीचं, तेही कापडानं गाळलेलं. पीठ घरच्या जात्यावरचं. ही त्यागी मंडळी दिवसातून एकदाच जेवतात, ताटात नाही, ओंजळीत. आणि त्या ओंजळीत एक केस जरी आला तरी अंतराय झाला. मग हातातलं सगळं टाकून उठायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, असा नियम. त्यामुळे चौक्यातल्या बायका विस्तवाला भीत नाहीत एवढ्या केसाला भितात.

काकूंच्या चौक्यात मात्र असलं कधी घडलं नव्हतं, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. उगाच कशाला नाही म्हणा, चांगला डोंगराएवढा होता. आत शिरणाऱ्या प्रत्येक बाईला त्या उंबऱ्यावर अडवायच्या, डोक्याचं फडकं ओढून बघायच्या आणि एखादी बट बाहेर दिसली की तिथूनच परत पाठवायच्या. बायका मागे नावं ठेवायच्या आणि पाळी आली की पुन्हा काकूंनाच बोलवायला यायच्या.

काकूंचे मालक आप्पासो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा अभिनंदन बेंगळुरूला कंपनीत. रविवारी व्हिडिओ कॉल करायचा, जेवलीस का विचारायचा, आणि काकू जेवलेल्या नसल्या तरी जेवले म्हणायच्या. घरात बोलायला भिंती. चौका लागला की मात्र पहाटेपासून सात-आठ बायका, भांड्यांचा आवाज, कुणी चुकलं म्हणून ओरडायचं, कुणाचं बरोबर झालं तरी ओरडायचं. काकू धर्मासाठी चौका करायच्या हे खरं, पण माणसांसाठीही करायच्या. हे त्या कुणाला कधी बोलल्या नसत्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं. अभिनंदन आला, आठवडाभर राहिला आणि रजा संपल्यावर गेला. गल्लीत काकूंनी सांगितलं, पित्ताशयातले खडे काढले. खोटं बोलायचं कारण साधं होतं. आजारी माणसानं आहार द्यायचा नसतो आणि चातुर्मास तोंडावर आला होता. बायकांना खरं कळलं असतं तर त्यांनी काकूंना प्रेमानं घरी बसवलं असतं, आणि घरी बसायचीच काकूंना भीती होती. गाठीला त्या एवढ्या भ्याल्या नव्हत्या.

केमो सुरू झाली. डॉक्टरांनी बजावलं होतं की केस जातील. तिथली नर्स म्हणाली, “काकू, आधीच बारीक करून घ्या की. गळताना बघून लई जीवाला लागतंय.” काकूंनी मान डोलावली आणि काही केलं नाही. अभिनंदननं कुरियरनं एक विग पाठवला. काकूंनी तो आरशासमोर एकदा घालून बघितला. आरशातली बाई कुठल्या तरी बँकेत मॅनेजर असावी अशी दिसत होती. त्यांनी तो परत खोक्यात ठेवून दिला.

एका सकाळी वेणी घालताना फणीबरोबर केसांचा झुबकाच हातात आला. दुखलं नाही, त्याचंच जास्त भय वाटलं. मग रोजचंच झालं. उशीवर केस, खांद्यावर केस, मोरीच्या जाळीत केस. लग्नात ह्या केसांची वेणी पाठीवर मावत नव्हती म्हणून सासूनं मिरवली होती. आता त्या बोटानं ते जाळीतून उचलायच्या आणि केरात टाकायला हात धजायचा नाही. कुणाला तरी हाक मारून दाखवावं, हे बघ गं काय झालंय, असं फार वाटायचं. हाक मारायला घरात कुणी नव्हतं. मग नळ मोठा सोडून त्या रडून घ्यायच्या आणि तोंड धुऊन बाहेर यायच्या.

त्याच आठवड्यात बस्तीच्या म्हणजे जैन मंदिराच्या हॉलमध्ये चातुर्मासाला आलेल्या माताजींचा केशलोच झाला. माताजींनी राख लावून डोक्याचे केस आपल्या हातानं उपटले. हॉल गच्च भरला होता, भजनं चालली होती, उपटलेले केस झेलायला बायका पदर पसरून बसल्या होत्या. काकू शेवटच्या ओळीत पदर कपाळापर्यंत ओढून बसल्या. त्यांना माताजींचा हेवा वाटला. असा हेवा वाटणं हे पाप आहे हे त्यांना कळत होतं, तरी वाटला.

काकूंच्या चौक्याची पाळी त्यानंतर दोन दिवसांनी होती. आदल्या संध्याकाळी निम्म्याच्या वर डोकं उघडं पडलं होतं. शहाण्या बाईनं उरलेले केस कापून टाकले असते. काकू कात्री घेऊन बसल्याही, पण हात उचलला नाही. उरलेले केस तेवढेच तर उरले होते. त्यांनी डोक्याला एक फडकं घट्ट बांधलं, त्यावर दुसरं बांधलं, त्यावर ओलेत्या पातळाचा पदर घेतला आणि पहाटे बस्तीतल्या चौक्यात जाऊन उभ्या राहिल्या.

“काय गं चंदना, तोंड का उतरलंय?” बयाबाईंनी विचारलं. बयाबाई पाटील म्हणजे चौक्यांच्या पाळ्या ठरवणाऱ्या समितीच्या प्रमुख, काकूंपेक्षा वयानं मोठ्या आणि आवाजानं त्याहून मोठ्या.

“पित्त,” काकू म्हणाल्या.

बयाबाईंची सून रुचिता नवी होती, कागलच्या माहेराहून वर्षाच्या आतच आलेली. काकूंनी उंबऱ्यावर तिचं फडकं तपासलं. बांधलेलं चांगलं होतं, पण लांब वेणीचं टोक पाठीमागून डोकावत होतं. काकूंनी ते स्वतः आत खोचलं आणि तिला पोळ्या लाटायला बसवलं.

माताजी आल्या. दारात सगळ्यांनी हात जोडून बोलावलं, पाय धुतले. मग आहार देणाऱ्यांनी एका सुरात म्हणायचं असतं, मन शुद्ध, वचन शुद्ध, काया शुद्ध, आहार-जल शुद्ध आहे. काकूंनी मन म्हटलं, वचन म्हटलं, आणि कायेपाशी त्यांचा आवाज बाकीच्या आवाजांत बुडवून टाकला.

माताजींनी चार घास घेतले. काकू वाकून त्यांच्या ओंजळीत आमटीत कालवलेला भात देत होत्या. पाचव्या घासाला माताजींची बोटं थांबली. त्यांनी ओंजळ उघडली, क्षणभर बघितलं, आणि सगळं खालच्या भांड्यात सोडून दिलं. बसल्या जागी हात धुतले, मोरपिसांची पिंछी उचलली आणि एक शब्दही न बोलता निघून गेल्या.

मग बयाबाईंचा तोल सुटला.

“रुचिता, कुठं ध्यान हुतं तुझं? त्या वेणीचं मेलं किती कौतुक. आता माताजी उद्यापतोर उपाशी. घराण्याचं नाव काढलंस बाई.”

“आत्या, माझा न्हाय ओ केस,” रुचिता म्हणाली. “मी पोळ्या लाटत बसलोतो, भाताला हात बी लावला न्हाय.”

“मग कुणाचा? आमच्या पिकल्या डोक्याचा व्हय? एवढी वर्सं झाली, चंदनाच्या चौक्यात कधी असं झालं न्हाय.”

बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. रुचिताचे डोळे भरून आले आणि तिनं खाली बघितलं. काकूंनी गप्प बसायचं ठरवलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. पोरीनं दोन दिवस बोलणी खाल्ली असती, पुढच्या पाळीला काकूंनी मानानं चौका लावला असता. हे सगळं काकूंच्या मनात येऊन गेलं. नुसतं येऊन गेलं नाही, चांगलं ठाण मांडून बसलं. रुचिताच्या नाकाचा शेंडा लाल झालेला त्यांना दिसला नसता तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

“तिला बोलू नका बयाक्का,” त्या म्हणाल्या. “केस माझा हाय.”

त्यांनी पदर खाली घेतला, एक फडकं सोडलं, मग दुसरं. दुसऱ्या फडक्याबरोबरच केसांचा पुंजका खाली आला. कुणाच्या तरी तोंडून “आई गं” निघालं.

“खडे नव्हते,” काकू म्हणाल्या. “कॅन्सर हाय. केमो चालू हाय. आहार द्यायला मी उभं ऱ्हायला नको हुतं.”

आता ह्या बायका आपल्याला फाडून खातील अशी त्यांची खात्री होती. एका परीनं त्या त्याची वाटच बघत होत्या. भांडण झालं असतं तर त्यांनी चार शब्द सुनावले असते, चार ऐकले असते आणि सगळ्या मिळून रडल्या असत्या. पण बयाबाई एकदम मऊ झाल्या. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, कुणी पंखा लावला, कुणी रिक्षा बोलावली. रुचिताला सॉरी म्हणायचं तेवढं सगळ्यांच्या ध्यानातून राहिलं.

संध्याकाळी बयाबाई दारात येऊन सांगून गेल्या, “माताजी म्हणाल्या, अंतराय माझ्याच कर्माचा. त्या बाईला कुणी कायबी बोलू नका.”

आणि खरंच कुणी काही बोललं नाही. पहिले काही दिवस डबे आले. डबा आणणारी उंबऱ्याबाहेरूनच द्यायची, “आराम करा काकू” म्हणायची आणि निघायची. बायकांत दुष्टावा नव्हता. काय बोलावं हे त्यांना कळत नव्हतं, आणि काकूंच्या फडक्याकडं बघायचं नाही म्हणून त्या काकूंकडंच बघत नव्हत्या. पुढं डबेही थांबले. राहिलेल्या केमो काकूंनी एकटीनं घेतल्या. रिक्षानं जायचं, सलाईन संपेपर्यंत छताकडं बघायचं, रिक्षानं यायचं. डोकं आता गुळगुळीत झालं होतं, भुवयाही गेल्या. नळाखाली गेल्यावर पाणी थेट टाळूवर पडायचं आणि अंगावर शहारा यायचा. एवढ्या वयात त्यांच्या डोक्याला पाण्याशिवाय कशाचाच हात लागत नव्हता.

वर्ष फिरलं. रिपोर्ट चांगले आले. केस परत आले, तेही कुरळे, बाळाच्या जावळासारखे. अभिनंदन कॉलवर म्हणाला, आई, स्टायलिश दिसतेस. चातुर्मासाला नवा संघ आला, नव्या माताजी आल्या. काकू बोलावण्याची वाट बघत राहिल्या. आठ-दहा चौके लागून गेले. शेवटी त्यांनी बस्तीत बयाबाईंना गाठलं.

“बयाक्का, माझी पाळी कवा?”

“तुला कशाला गं आता तरास? तू अनुमोदना कर की. मनानं बरं म्हटलं तरी तेवढंच पुण्य लागतंय.”

काकू घरी आल्या आणि बराच वेळ पायऱ्यांवर बसून राहिल्या. त्यांना पुण्य नको होतं. पुण्याचं त्या काय करणार होत्या? त्यांना माणसांत उभं राहायला जागा हवी होती, आणि ती जागा बयाबाईंनी इतक्या मायेनं काढून घेतली होती की भांडताही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याच घरी चौका लावला. नियमात ते बसतं. कुणीही आपल्या दारात उभं राहावं, माताजी कुठं थांबतील ते त्यांच्या मनातल्या संकल्पावर. डाव्या हातानं ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं, म्हणून काकूंनी उजव्या हातानं अर्धी अर्धी कळशी करत बस्तीच्या विहिरीचं पाणी आणलं. भात, आमटी, दुधीची भाजी, पोळ्या. मग हातात नारळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. बाकीच्या दारांत पाच-पाच सहा-सहा माणसं, आवाज गल्लीभर घुमत होता. काकू एकट्याच म्हणाल्या, “हे माताजी, वंदामि, अत्र तिष्ठ, तिष्ठ.” म्हणजे वंदन करते, इथं थांबा. पण एकटीचा आवाज पायरीखालीही उतरला नाही. माताजी जमिनीवर नजर ठेवून पुढं गेल्या.

काकूंनी ते अन्न एकटीनं खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तिसऱ्या दिवशी त्या नारळ घेऊन दारात येतात तोवर कोपऱ्यावरून ओलेत्या साडीत रुचिता येताना दिसली. डोक्याला फडकं, पायात काही नाही. आली आणि काकूंच्या शेजारी उभी राहिली.

“सासूला सांगून आलीस?” काकूंनी विचारलं.

“न्हाय. गेल्यावर सांगतो.”

“बोलतील तुला.”

“बोलू देत की. तशी बी बोलत्यात.”

माताजी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. दोघींनी हात जोडून बोलावलं. रुचिताचा आवाज खणखणीत होता, त्याच्या आधारानं काकूंचाही निघाला. माताजींची पावलं दाराशी मंदावल्यासारखी वाटली, आणि मग त्या समोरच्या दारात वळल्या. तिथल्या माणसांनी जल्लोष केला.

“चल,” काकू म्हणाल्या. “निवायच्या आत जेवून घे.”

स्वयंपाकघरात समोरासमोर दोन पाट मांडले. रुचिताला सडकून भूक लागली होती. तिनं बोलत बोलत दोन पोळ्या संपवल्या, आमटी परत मागून घेतली, कागलच्या आईची आमटी कशी पाणचट असते ते सांगितलं. काकूंनी तिला वाढलं, आपला घास मोडला, आणि तो तोंडाशी नेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेचना.

“रडू नका ओ काकू,” रुचिता म्हणाली. “आज न्हाय आल्या माताजी, उद्या येतील. मी बी येतो उद्या.”

पोरीला वाटलं, काकू माताजींसाठी रडतायत. काकूंनी तिला तसंच वाटू दिलं आणि अजून एक पोळी वाढली.