आधी घरची बोकडं

ईट गावाबाहेरच्या चिंचेखाली दर गुरुवारी सकाळी आठला बोकडं तोलली जातात. लोखंडी पिंजरा आहे, त्याच्या खाली काटा आहे आणि आकड्यांचा डबा असा बसवला आहे की तो तोलणाऱ्याला आणि बोकडाच्या मालकालाच दिसावा. फक्त दैवशालाची बोकडं चढतात तेव्हा डबा लोकांकडे वळवतात. ती सगळ्यात आधी चढतात, मग शेजारच्या जाळीच्या कुंपणात बारापर्यंत बिनपाण्याची उभी राहतात आणि पुन्हा तोलली जातात. इतरांची बोकडं सकाळच्या वजनावर विकली जातात, तिची बाराच्या. चार वर्षांपासून हे असं चाललं आहे. का, ते ती स्वतःहून सांगत नाही. विचारलं तर सांगते.

दैवशाला छत्तीस वर्षांची. दहावी होऊन ईटला सून म्हणून आली. नवरा ढोकीच्या साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतो, हंगामात तिकडेच असतो. घरच्या वीसेक शेळ्या सासूबाई हरणाबाई राखतात. पशुसखीचं प्रशिक्षण घेऊन दैवशाला गावोगाव शेळ्यांना लस टोचत हिंडू लागली, तेव्हा तिला सगळीकडे एकच रीत दिसली. शेळ्या राखायच्या बायांनी आणि विकायच्या पुरुषांनी. दलाल बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचा, मग मालकाचा हात रुमालाखाली घ्यायचा आणि बोटं दाबून भाव ठरायचा. बाजूला उभ्या असलेल्यांना तो कळत नसे, घरच्या बाईलासुद्धा नाही. हरणाबाईंनी चाळीस वर्षं शेळ्या राखल्या, पण त्यांचा हात त्या रुमालाखाली कधी गेला नव्हता.

दैवशालानं बारा बायांचा गट केला, काटा आणला आणि हैदराबादला माल पाठवणारा उमरग्याचा एक व्यापारी गाठला. भाव किलोवर, वजन सगळ्यांसमोर, आकडा मोठ्यानं वाचायचा. "इथं झाकून काय न्हाय," हे तिचं ठरलेलं वाक्य. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ती घरची बोकडं आधी चढवायची. दोन वर्षांत बाराच्या साठ बाया झाल्या.

मग एके दिवशी व्यापाऱ्याचा फोन आला. उमरग्याला उतरवून तोलली की काही बोकडं दीड-दोन किलो कमी भरत होती. वाटेतली घट तो धरतच होता. ही त्याहून जास्त होती. कुणीतरी मीठ चारून पाणी पाजतंय, असंच चाललं तर गाडी बंद करावी लागेल, असं तो म्हणाला. कुणाची बोकडं ते सांगा, असं ती ठणकावून म्हणाली. त्यानं नाव घेतलं नाही.

"तुमीच बघा, ताई."

तिनं बघितलं ते श्रीमंततात्यांकडे. तात्या सत्तरीचे, ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकटे राहणारे; घरी बाई नाही, म्हणून बोकडं स्वतःच काट्यावर आणायचे. त्यांची बोकडं लागोपाठ दोन आठवडे भारी भरली होती आणि त्या गुरुवारी त्यांची तोंडं ओली होती. ओढा ओलांडून आलेल्या जनावराचं तोंड ओलं असणारच, हे तिला नंतर सुचलं.

"तात्या, तुमची बाराला परत तोलू," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"तोल की."

चाळीसेक माणसं बघायला थांबली. तात्या जाळीला हात लावून चार तास उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. बाराला तिन्ही बोकडं पुन्हा चढली. तीनशे-चारशे ग्रॅमच्या वर एकही उतरलं नव्हतं.

"एवढं तर लेंड्यांचंच भरंल," मागून कुणी तरी म्हणालं आणि लोक हसले.

त्या हसण्यातच तिला चूक कबूल करता आली असती. ती म्हणाली, "ठीक हाय. पुढल्या बारीला मात्र सकाळी पाजू नका."

तात्यांनी दावी गुंडाळली आणि निघून गेले.

तेवढाच वेळ तिची स्वतःची दोन बोकडं त्याच जाळीत उभी होती आणि सारखी मुतत होती. त्यांच्या पायाखालची माती काळी पडली होती. दैवशालानं ते पाहिलं. गाडी आली तशी तिनं ती दोन्ही घाईनं चढवली, पुन्हा तोलली नाहीत.

तिला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणता येणार नाही. गुरुवारी सकाळी गोठ्यातलं घमेलं ओलं असायचं. जाडं मीठ आठवड्याला किलोभर संपत होतं आणि लोणच्याचे दिवस नव्हते. तिनं कधी विचारलं नव्हतं, एवढंच.

त्या संध्याकाळी विचारलं. हरणाबाई भाकरी थापत होत्या.

"आत्या, बोकडांना मीठ देता?"

"देते की. मिठाबिगर एवढं पाणी कुठं पित्यात ती."

"कशापायी?"

"पैल्यांदा आपलीच चढत्यात काट्यावर. साऱ्या गावापुढं हलकी भरलेली बरी दिसत्यात व्हय? चाळीस वर्षं राखल्यात म्या. आकडा आता कुठं दिसाया लागलाय."

दैवशालाला रागावता आलं नाही. सासूनं काहीच झाकलं नव्हतं. झाकलं होतं ते तिनं.

पुढच्या गुरुवारी काट्याशेजारी उभं राहून तिनं सांगितलं की मीठपाणी आमच्या बोकडांना दिलं होतं, तात्यांच्या नाही. कुणी दिलं ते सांगितलं नाही. बऱ्याच जणांनी तिनंच दिलं असं धरलं आणि तिनं तसं धरू दिलं. व्यापाऱ्याला फोन केला, तर त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. प्रत्येक बोकडाच्या पाठीवर घराघराचा रंग लावलेला असायचा. पण तुम्हालाच तोंडावर कसं सांगायचं, असं तो म्हणाला. तिला फोन कानाशी धरवेना.

तात्या त्या दिवशी आले नव्हते. दुपारी ती ओढा ओलांडून वस्तीवर गेली. तात्यांनी पाणी दिलं, तिच्या नवऱ्याची चौकशी केली, कारखाना कधी बंद होतोय ते विचारलं. तिनं जमिनीकडे बघत सांगायचं ते सांगितलं.

"कळलं मला," तात्या म्हणाले. "चार जणांत बोललीस, बरं केलंस."

पुढच्या गुरुवारी बोकडं घेऊन या, असं तिनं विनवलं.

"दिली मंगळवारी. दलालाला."

"तात्या, रुमालाखाली लुबाडतोय तो तुम्हाला."

"लुबाडतोय की. ठावं हाय मला. पर तिथं जे व्हतंय ते त्याच्या-माझ्यात. चार तास कुणी उभं करत न्हाय."

पुढच्याच आठवड्यात तिनं आकडा मोठ्यानं वाचणं बंद केलं आणि डबा मालकाकडे फिरवला. वजनाची चिठ्ठी आता ज्याची त्याच्या हातात जाते. कुणाबद्दल शंका आली, तर ती त्याच्या घरी जाऊन बोलते.

आज गटात दोनशे बाया आहेत. उमरग्याला गटाचा दुसरा काटा बसला आहे. तिथल्या बायांना शिकवायला ती जाते तेव्हा मिठाचा विषय निघतोच. घरच्या बोकडांचं सांगताना ती अडखळत नाही. तात्यांचे चार तास आले की आवाज खाली जातो आणि मागच्या बायांना ऐकू येत नाही.

गुरुवारी तात्या शेळ्या घेऊन चिंचेवरूनच जातात.

"राम राम, तात्या."

"राम राम," ते म्हणतात. आवाजात कसलाही राग नसतो. थांबत मात्र नाहीत. दैवशाला डब्याकडे बघू लागते. पिंजरा तेव्हा रिकामा असतो.