तिच्या तोंडून ‘मी’

एका माणसाचा मी आयुष्यभर पुरेल इतका मत्सर केला. हे कुणाला सांगितलं नाही, कारण तो माणूस नव्हताच. तो एका कादंबरीत होता. आता पन्नाशी उलटली, आई गेली. बायको हे वाचेल. वाचू दे.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी साताऱ्यात एका कचेरीत कारकून, राहायला भाड्याच्या दोन खोल्या. बायको सांगलीची, मॅट्रिक झालेली, वाचनाचा नाद असलेली. लग्नाला चार वर्षं झाली होती. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून तिला म्हसवडजवळच्या गावाहून आमच्याकडे आणली. डोळ्यांवर हिरवी पट्टी. वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही. आई जन्मात कधी रिकामी बसलेली नव्हती. ती दोन दिवसांत भिंतीशी बोलायला लागली. तेव्हा बायकोने वाचनालयातून एक कादंबरी आणली आणि रोज दुपारी तिला वाचून दाखवायला सुरुवात केली.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. एकदा डोकं दुखत होतं म्हणून मी भरदुपारीच घरी आलो. दारात चपला काढताना आतून आईचा आवाज आला.

“मग तू काय केलंस गं?”

“मी काहीच बोलले नाही. खिडकी तेवढी उघडी ठेवली.”

“आन् त्यो?”

“तो सायकलचं चाक फिरवत बसला होता. वर बघितलं नाही त्याने. पण चाक थांबलं.”

“म्हंजे त्याला कळलं हुतं की! आन् नवरा कुठं हुता तुजा?”

“दाढी करत होते.”

एक चप्पल पायात, एक हातात, असा मी उभा. मग आत गेलो तर बायकोच्या मांडीवर पुस्तक. आई म्हणाली, “आलास व्हय? बस गुमान. लय रंगात आलंय.”

आईने कीर्तनं ऐकली होती, कहाण्या ऐकल्या होत्या. त्या सगळ्या दुसऱ्या कुणाच्या. समोरचं माणूस ‘मी’ म्हणून गोष्ट सांगतंय, हे तिला नवीन होतं. हे पुस्तक आहे हे तिला कळत होतं, पण प्रश्न ती वाचणारीलाच विचारायची. आणि माझी बायको एकदाही म्हणायची नाही, की आई, ती मी नव्हे. पुढचं वाक्य असं वाचायची की ते उत्तरच व्हावं.

पुस्तकातलं आहे म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. उलट दिवसागणिक जळायला लागलो. चार वर्षांत ती माझ्याशी बोलायची ती अशी: भाजी संपलीय, रॉकेल आणायचंय, दादाचं पत्र आलंय. मला भीती वाटली, मला आवडलं, मी वाट बघितली, अशी वाक्यं मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. तीही मधल्या सुट्टीत घरी येऊन, दाराआडून, आणि ऐकायचा मान आईचा. काही दिवस तर मी आईवरसुद्धा जळलो.

मग बायको झोपलेली असताना पुस्तक डब्याच्या पिशवीत घातलं आणि कचेरीत फायलीखाली धरून वाचलं. मधल्या सुट्टीत, वाचन सुरू व्हायच्या आत, परत आणून कोनाड्यात ठेवायचो. आईच्या पानांच्या कितीतरी पुढे गेलो, शेवटापर्यंत. गोष्ट साधी होती. नदीकाठचं गाव, सांगलीसारख्याच हळदीच्या वखारी, माडीवर नवऱ्याबरोबर राहणारी बाई आणि खाली सायकलचं दुकान. पण ओळ कुठलीही असो, माझ्या कानात ती वाचत होती माझी बायको. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर होतं, ते मला दिसलंच नाही. ‘मी’ म्हणून लिहिलेल्या पुस्तकात एक जागा मोकळी असते आणि ज्याला त्याला जवळचं जे माणूस असेल ते तिथे जाऊन बसतं. आईने सून बसवली, मी बायको बसवली. बायकोने कुणाला बसवलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

आणि तो नवरा! अख्ख्या पुस्तकात त्याला धड एक वाक्य नाही. दाढी करतो, घड्याळाला किल्ली देतो, जेवतो. ‘मी’ऐवजी ‘ती’ म्हणून लिहिलं असतं तर लेखिकेला कधीतरी त्याच्या मनातही डोकवावं लागलं असतं. इथे सगळं त्या बाईच्या हाती. ती बघेल तेवढाच तो. कचेरीत बसून मी त्याच्या बाजूने भांडायचो. त्याला विचारा की, म्हणायचो, त्याचंही काही असेल.

पुढच्या आठवड्यात कामाने सांगलीला जावं लागलं. काम दुपारीच संपलं. सासरी जायचं सोडून मी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी थांबलो. तिथे सायकलचं दुकान होतंच. ते कुठल्या गल्लीत नसतं? दुकानदार ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होता. मी विचारलं, “त्या पिवळ्या घरातली मुलगी, साताऱ्याला दिलेली, तुमच्या ओळखीची का?”

“व्हय की. शाळंला आमच्याच सायकलीवर जायाची.” त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “का? सोयरीक घिऊन आलायस? लय उशीर केलास गड्या, लगीन झालं तिचं.”

दुकानात बसलेले दोघंतिघं हसले. नाव न सांगता मी निघालो. ते हसू कऱ्हाडपर्यंत माझ्यासोबत एस.टी.त बसलं होतं.

लग्न झालेल्या बाईची चौकशी कुणी परका गल्लीत करून गेला, ही गोष्ट दडून राहत नाही. रविवारी तिचा धाकटा भाऊ हजर. बायको चहा घेऊन उभी, तेव्हाच त्याने विषय काढला.

“दाजी, शेजाऱ्यांनी ओळखलं तुम्हाला. गल्लीपर्यंत येऊन घरी आला नाहीत. आणि ताईबद्दल त्या सायकलवाल्याला विचारलंत म्हणे?”

“पंक्चर काढायला थांबलो होतो,” मी म्हणालो.

“तुमच्याकडे सायकल कुठं होती?”

सायकलवाला म्हटल्याबरोबर बायकोने माझ्याकडे पाहिलं. पुस्तक तिला ठाऊक होतं. तिला सगळं एका क्षणात कळलं. तिने चहा खाली ठेवला आणि भावाला म्हणाली, “साखर कमी असेल तर सांग.”

तो गेल्यावर आईने पुस्तकाचा धोशा लावला. मी तिथेच बसलो होतो. बायकोने पान काढलं आणि वाचू लागली. “ती खिडकीशी उभी राहिली. तिला वाटलं, आता खाली जावं.”

आई म्हणाली, “ही कोण गं?”

“तीच, आई.”

“न्हाई. कालची आपली हुती. ही लांबची हाय कुणीतरी. हिला काय इचारू मी?”

“आजपासून असंच वाचायचं,” बायको म्हणाली. तीन-चार पानं तिने तशीच वाचली, एका लयीत, बातम्या द्याव्यात तशी. आईने एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या दिवशी पुस्तक वाचनालयात परत गेलं.

आई रुसली. जेवताना एकच विचारणं, त्या पोरीचं पुढं काय झालं? शेवटी मीच ते पुस्तक पुन्हा घेऊन आलो आणि संध्याकाळी आईसमोर बसलो. बायको आत भांडी घासत होती. मी जसं लिहिलंय तसंच वाचलं: मी उठले, मी केस विंचरले. आईला हसू आवरेना. “आरं, मिशीवाली बाई गं ही!” पण थोड्या वेळाने तिचं हसणं थांबलं. “मग तू गेलीस का खाली?” तिने विचारलं. मलाच.

पुस्तकात ती खाली जाते. दुकानात उभी राहून त्याला सांगते, की इतक्या वर्षांत मला घरात कुणी विचारलं नाही, तुला काय वाटतं. बस, इतकंच. वाईटसाईट काही नाही. पण मला ते माझ्या तोंडाने म्हणावं लागणार होतं, मी, मला, असं. आत भांड्यांचा आवाज थांबला होता. मी पान उलटलं, त्याबरोबर पुढचंही उलटलं, आणि पुढून वाचायला लागलो.

बायको ओल्या हातांनी दारात आली. “दोन पानं राहिली,” म्हणाली.

“राहिली? मग वाच की,” आई म्हणाली.

“फाटलीयेत,” मी म्हणालो.

“आत्ता गं बया! ऐन वक्ताला?”

आईच्या डोळ्यांवर पट्टी होती. पुस्तक धडधाकट माझ्या हातात उघडं होतं. बायकोने ते पाहिलं, मग मला पाहिलं. मी ते दोन कागद मागे उलटले असते तरी चाललं असतं. ती बराच वेळ थांबली होती, त्यासाठीच थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

“हो आई,” शेवटी ती म्हणाली, “फाटलेलीच आहेत.” आणि आत गेली.