इशारे बंद करणारी ओळ

त्या वर्षी चैत्र संपता संपता माझ्या पीएचडीची शेवटची मुदतवाढ मिळाली होती आणि त्याच आठवड्यात विभागातला जुना कॉम्प्युटर बंद पडला. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत शिकवत मी हा अभ्यास सात वर्षं ओढत आणला होता. विषय भाताच्या उत्पन्नाचा. कालव्याच्या तोंडाशी असलेली शेतं आणि कालव्याच्या अगदी शेवटी असलेली शेतं, यांच्या पिकात फरक पडतो का, एवढाच प्रश्न. आमच्या या तमिळ मुलखात ओरत्तनाडूच्या बाजूला अशी शेवटची शेतं पुष्कळ. तिथं पाणी पोचेपर्यंत वरच्या लोकांच्या लावण्या आटोपलेल्या असतात.

माझं उत्तर होतं की फरक पडत नाही. हे उत्तर खरं तर माझं नव्हतं. माझे मार्गदर्शक असलेल्या सरांकडे माझ्या आधी एक विद्यार्थिनी, मी त्यांना अक्का म्हणते, याच विषयावर काम करून गेल्या होत्या. त्यांनी ते दाखवलं, सरांनी त्यावर दोघांच्या नावानं निबंध छापला, तो बराच गाजला. मी त्याच वाटेनं पुढची काही वर्षं मोजली आणि माझंही उत्तर तेच आलं. कॉम्प्युटरच्या आर नावाच्या भाषेत अक्कांनी स्वतःचं एक छोटं पॅकेज, म्हणजे तयार सूचनांचा संच, लिहून ठेवलं होतं. माझे आकडे घालायचे, पॅकेज चालवायचं, तक्ता घ्यायचा. आत काय आहे ते मी कधी नीट वाचलं नव्हतं.

कॉम्प्युटर गेला तेव्हा सगळं लिहून झालं होतं. पण परीक्षकांनी एक तक्ता वेगळ्या मांडणीत मागितला होता, म्हणून पॅकेज पुन्हा चालवणं भाग होतं. घरी नवा लॅपटॉप होता. पेन ड्राइव्हवर पॅकेज होतं. एका दुपारचं काम, असं मी धरून चालले.

आठ दिवस गेले. अक्कांच्या पॅकेजला दुसरं एक पॅकेज लागत होतं, आणि ते सांभाळणारं कोणी उरलं नाही म्हणून आरच्या यादीतून काढून टाकलेलं. जुन्या साठ्यात त्याची प्रत मिळाली, तर तिला तिसरं लागत होतं, तेही ठरावीक जुन्या आवृत्तीचं. ते मिळालं तर ते नव्या आरवर बसेना. दर वेळी लाल अक्षरं भराभर वर सरकायची आणि शेवटी तेच वाक्य यायचं, की इन्स्टॉल झालं नाही. खोलीत एसी नाही. उन्हाच्या झळा नकोत म्हणून खिडक्या लावलेल्या. पंख्याची हवा गरम. मी एक दार उघडायची तर समोर दुसरं बंद दार, अशी दिवसभर. मध्ये उठून कॉलेजात तास घ्यायचे, परत येऊन तिथंच बसायचं. मुदत संपायला तीन आठवडे राहिले होते.

एकदा कंटाळून मी तो लाल मजकूर पहिल्या ओळीपासून वाचला. मधल्या एका ओळीत फोल्डरचं नाव होतं आणि त्यात नुसते चौकोन नि प्रश्नचिन्हं. ते माझं नाव होतं. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला तेव्हा त्यानं नाव विचारलं, आणि अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेनं ते तमिळ अक्षरांत घातलं होतं. आमच्या घरात मराठी बोलतात पण लिहितात तमिळच. देवनागरी मी मोठेपणी शिकले, अप्पांना अजून येत नाही. त्या तमिळ फोल्डरमधून पॅकेज बांधणाऱ्या साधनाला वाट सापडत नव्हती. मी सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचं फोल्डर केलं आणि सगळं तिथं नेलं. अर्ध्या तासात तिन्ही पॅकेजं बसली.

अप्पा दारात येऊन म्हणाले, "झालं कां अस्कं?"

मी सगळं झालं म्हणाले. त्यांच्या टंकण्याबद्दल काही बोलले नाही.

झालं नव्हतं. पॅकेज बसलं, पण चालवलं की मध्येच एका ओळीवर थांबायचं. या वेळी मी ती ओळ वाचली. अक्कांनी शेतांचे दोन वर्ग केले होते. 'शेत' हा मूळ वर्ग. 'शेवटचं शेत' हा त्याचा वारस. वारसाला मूळ वर्गाचं सगळं मिळतं, वर त्याचं स्वतःचं थोडं असतं. म्हणून शेवटच्या शेताला दोन नावं असतात, आधी स्वतःचं, मग मूळ वर्गाचं. त्या ओळीत प्रत्येकाला विचारलं होतं, तुझं नाव 'शेत' आहे का? असेल तर कापणीच्या वेळच्या ओल्या भाताचं वजन, ओलावा वजा करून, कोरड्यावर आणायचं. शेवटचं शेत दोन नावं सांगायचं आणि नवं आर तिथंच अडायचं. एका प्रश्नाला दोन उत्तरं त्याला चालत नव्हती.

दुरुस्ती सोपी होती. तुझं नाव काय, असं न विचारता, तू शेतांच्या घराण्यातला आहेस का, असं विचारायचं. त्यासाठी भाषेत सोय आहे. मी एक शब्द बदलला. तक्ता आला.

तो माझ्या प्रबंधातल्या तक्त्याशी जुळत नव्हता.

आधी मला वाटलं, मीच काहीतरी मोडलं. दोन दिवस मी माझी दुरुस्ती तपासत राहिले. मग दोन्ही तक्ते छापून जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. तोंडाशी असलेल्या शेतांचे आकडे शेवटच्या दशांशापर्यंत तेच होते. फक्त शेवटच्या शेतांचे आकडे उतरले होते, सगळेच्या सगळे. आता फरक पडत होता, आणि चांगलाच पडत होता.

तिसऱ्या दिवशी मी पापनाशमची बस धरली. अक्का लग्नानंतर तिथं राहत होत्या. नोकरी मिळाली नाही, मग सासरची शेती आणि गावातल्या मुलींच्या गणिताच्या शिकवण्या. मी त्यांना आधी एकदाच भेटले होते. आमचं बोलणं तमिळमधून झालं. त्यांनी ताक दिलं, माझ्या मुदतीची चौकशी केली, आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. स्वतःचंच जुनं लिखाण बघून त्यांना हसू आलं. "केवढ्या रिकाम्या ओळी सोडायची मी," असं काहीतरी म्हणाल्या.

मग मी ती ओळ दाखवली. त्या हसायच्या थांबल्या.

जुनं आर अशा वेळी अडत नसे. दोन उत्तरं आली तर ते पहिलं तेवढं ऐकायचं आणि पुढं जायचं. शेवटच्या शेताचं पहिलं नाव 'शेत' नव्हे. म्हणजे उत्तर नाही. म्हणजे त्याचा ओलावा कधी वजाच झाला नव्हता. पाणी उशिरा मिळालेलं, उशिरा कापलेलं, जास्त ओलं भात आम्ही तसंच तोललं होतं आणि कोरड्या भाताच्या शेजारी मांडलं होतं. फरक नाही हे आमचं उत्तर त्या पाण्याच्या वजनावर उभं होतं.

मी विचारलं की जुनं आर निदान इशारा तरी देत असेल ना. अक्कांनी फाइल अगदी वर नेली. तिथं एक ओळ होती, सगळे इशारे बंद करणारी. मी ती कितीदा पाहिली होती आणि नेहमीची सुरुवातीची ओळ समजून सोडून दिली होती.

"इशाऱ्यांनी स्क्रीन भरून जायची," त्या म्हणाल्या. "सर शेजारी बसले होते. त्यांनी विचारलं, एवढं लाल कशाला दिसतंय? मी बंद केले."

मग त्यांनी विचारलं की मी हे कुणाला सांगितलं आहे का. मी नाही म्हणाले. त्यांना मिळालेली पदवी काढून घेतील का, हे त्यांनी दुसरं विचारलं. मला माहीत नव्हतं. शेवटी त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, की मी त्यांच्याकडे आले होते हे सरांना सांगू नये. मी कबूल केलं. परतीच्या बसमध्ये बसायला जागा होती तरी मी दारापाशी उभी राहिले. सर पहिल्यांदा हेच विचारणार होते, की अक्कांना विचारलंस का. आता अक्कांना दिलेला शब्द मोडल्याशिवाय मला काही सांगता येत नव्हतं आणि काही न सांगता प्रबंध देता येत नव्हता.

चार दिवस मी कुणालाच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी दुपारी अक्कांचा फोन आला. त्यांच्याकडे कापणीच्या वेळच्या जुन्या वह्या होत्या. ओलावा मोजायच्या यंत्राचे आकडे त्यांनी तेव्हा शेतात उभं राहून स्वतः टिपले होते. शिकवणीच्या मुली गेल्यावर त्यांनी ते पेन्सिलीनं, हातानं, पुन्हा करून पाहिले होते. त्यांच्या वर्षांतही शेवटच्या शेतांचे आकडे तसेच उतरले होते.

"तुझे आकडे बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "मी येते. सरांकडे आपण दोघी जाऊ."

सरांच्या निवृत्तीला दोन महिने होते. त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं, अक्कांच्या वह्या उलटून पाहिल्या, एका पानावरचे आकडे स्वतः गुणून बघितले. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला अगदी मायेनं सांगितलं, की आता सगळं बदलायचं तर मुदत निघून जाईल, नोंदणी रद्द होईल, पुढं नवा मार्गदर्शक शोधा, फी भरा, पहिल्यापासून सुरू करा. कॉलेजातली माझी बढती पदवीवर अडकलेली आहे हेही त्यांना ठाऊक होतं. आधी प्रबंध दे, मग सवडीनं दुरुस्ती छापू, असं ते म्हणाले. वह्या अक्कांना परत देत ते पुढं म्हणाले, "हे कोणी चालवून बघणार नाही."

ते खरं होतं. मीसुद्धा सात वर्षं चालवलं होतं, बघितलं नव्हतं.

मी जुन्याच आकड्यांच्या प्रबंधाच्या पाच प्रती बांधून आणल्या. हे सांगायला हवं, कारण नंतर लोकांना वाटलं की मी लगेच धीट निर्णय घेतला. प्रती टेबलावर आठवडाभर होत्या. मी रोज त्यांच्याशेजारी बसून मुलांचे पेपर तपासत होते. आतल्या वाक्यांना हात लावता येत नव्हता आणि त्या प्रती उचलून विद्यापीठात नेता येत नव्हत्या. अप्पा जेवायला हाक मारायचे तेव्हा मी येते म्हणायची आणि उठायची नाही. एकदा ते माझं ताट घेऊन आले, त्या प्रती बाजूला सरकवून ताट ठेवलं आणि गेले.

मला सारखी आठवत होती ती ओरत्तनाडूकडची एक बाई. तिचं शेत कालव्याच्या अगदी टोकाला. दुसऱ्या वर्षी कापणीच्या वेळी ती मला म्हणाली होती, की आमच्याकडे दाणा भरतच नाही, तुम्ही लिहून घ्या. मी तिला बांधावर बसवून आलेख दाखवला होता. तुम्हाला तसं वाटतं, पण मोजलं की फरक दिसत नाही, असं तमिळमध्ये सोपं करून सांगितलं होतं. तिनं आलेखाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. शिकलेल्या माणसाशी घालत नाहीत, तसा. जाताना तिनं माझ्या पिशवीत वांगी घातली होती.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी मी कॉलेजात नेहमीचे तास घेतले. विद्यापीठात गेले नाही. संध्याकाळी सरांना चार ओळींचं पत्र लिहिलं, की मी हा प्रबंध देत नाही, तिसरं आणि चौथं प्रकरण नव्यानं करते, आणि छापलेल्या निबंधाची दुरुस्ती आपण तिघांनी मिळून पाठवावी. पत्र पाठवल्यावर मोकळं वाटेल अशी माझी समजूत होती. वाटलं नाही. नोंदणी गेली, एवढंच कळत होतं.

सरांचं उत्तर आलं नाही. मी दोनदा भेटायला गेले तर ते बैठकीत होते. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी निरोप धाडला. मी आणि अक्का गेलो तेव्हा त्यांच्या खोलीतली कपाटं रिकामी झाली होती, पुस्तकं खोक्यांत भरलेली. त्यांनी मला लॅपटॉप उघडून ती ओळ दाखवायला सांगितली. चष्मा वर करून, अगदी जवळ जाऊन त्यांनी ती वाचली.

"मीच बंद करायला सांगितलं होतं, नाही?" त्यांनी अक्कांना विचारलं.

अक्का म्हणाल्या, "तुम्ही विचारलं होतं, सर. बंद मी केलं."

त्यांनी मान हलवली. दुरुस्तीचा मसुदा मी नेला होता. त्यात त्यांनी एकच बदल केला. चुकीची जबाबदारी 'लेखकांची' असं मी लिहिलं होतं, ते खोडून त्यांनी 'पहिल्या लेखकाची' केलं. पहिलं नाव त्यांचं होतं. मग सही केली, आणि आम्ही तिघं खोकी दोऱ्यांनी बांधत बसलो.

दुरुस्ती अर्ध्या पानाची छापून आली. अक्कांची पदवी कोणी काढून घेतली नाही. त्याबद्दल त्यांना कोणी विचारलंही नाही, आणि याचं त्यांना थोडं वाईटच वाटलं असं मला वाटतं. माझी नव्यानं नोंदणी झाली आहे, दुसऱ्या मार्गदर्शकाकडे, आणि मला पुन्हा पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांबरोबर बसून संशोधनपद्धतीचा तास ऐकावा लागतो. बढती कुणा दुसऱ्याची झाली. दुपारी त्याच खोलीत खिडक्या लावून मी पॅकेज पहिल्या ओळीपासून लिहिते आहे. इशारे चालू ठेवले आहेत. स्क्रीन त्यांनी भरून जाते, आणि प्रत्येक इशारा वाचायचा म्हणजे दिवसाला दहा-बारा ओळींच्या पुढं काम सरकत नाही. जमलं नाही की मी पापनाशमला फोन करते. शिकवणीच्या मुलींचा गलबला मागं चालू असतो. अक्का म्हणतात, थांब, ती ओळ मला हळू वाचून दाखव.