चौथी खाट

"तुमच्या लोकायले बाहेर बसाची सवय आहे न, बाबा."

व्यवस्थापक हसत म्हणाला. वृद्धाश्रमात तपासणीचे साहेब येणार होते. आमच्या खोलीतून एक खाट बाहेर काढायची होती. मी फक्त विचारलं होतं, "माहीच काहून?"

एका म्हाताऱ्यामागे किती जागा हवी, याचा नियम आहे. त्या नियमाने आमची खोली तिघांची. राहायचो चौघं. खाटांच्या मधून गोमाजी आडवा होऊन जायचा, शेताच्या धुऱ्यावरून पाय जपत चालल्यासारखा. जातीने ढिवर, जन्म तलावात गेला. म्हणायचा, "मासोळ्यायले याहून जास्त जागा रायते गा."

माझी खाट गोदामामागे गेली. व्यवस्थापकाने मला चिंचेखाली बसवलं. "साहेबानं इचारलं तं सांगा, पावना आहो."

साहेबांनी विचारलं. मी सांगितलं, "पावना आहो जी. गोमाजीले भेटाले आलो."

धम्म घेतला तेव्हा बापाने मला सांगितलं होतं, "आजपासून कोणाच्या दारात बाहेर बसाचं नाही." तुमसरच्या राइस मिलमध्ये उभी हयात राबलो, पण तसा बसलो नाही. म्हातारपणी बसलो. भीतीने. खोली खरंच तिघांची झाली, तर चौथा मी. मुलाच्या घरी जागा नाही, हे त्याने सांगण्याआधीच मी ओळखलं होतं.

संध्याकाळी खाट परत आली. गोमाजी म्हणाला, "या पावणे! कोंबडा कापू का?"

सगळे हसले. मीही हसलो.

पुढे गोमाजीचे गुडघे गेले. त्याला वॉकर मिळाला. तो खाटांमधून जाईना, म्हणून दाराशीच ठेवायचा. एका सकाळी लघवीला निघाला आणि खाटेच्या पायाला अडखळून पडला. खुबा मोडला. दवाखान्यातून आला तो खाटेवरून उठलाच नाही.

पाय माझ्या खाटेचा होता. तपासणीत नसलेल्या खाटेचा.

साहेब पुन्हा येणार होते. आश्रमातले दोघे गडी माझी खाट उचलायला आले. मी तिच्यावर बसलो.

"उठा बाबा. साहेब येऊन राहिले."

नाही उठलो.

साहेब दारात. "हे कोण?"

"पावणे आहेत, साहेब," व्यवस्थापक म्हणाला.

"पावना नाही मी. ही खाट माही आहे. मांगच्या बारीले मी खोटं बोललो."

गोमाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवली.

साहेब गेल्यावर व्यवस्थापक माझ्या कानाशी आला. "खोली तिघायची झाली तं तुम्हीच निघान. मंग कुठी जासान?"

मी खाटेवरून हललो नाही.

साहेबांनी काय लिहून नेलं, मला माहीत नाही. म्हणून मी तुमच्या तपासणी कचेरीला लिहितो आहे. माझी खाट काढायची असेल तर काढा. दिवसाढवळ्या, पुढच्या दाराने, आणि पुन्हा आत आणू नका. तिच्या जागी दुसऱ्या कुणाची टाकू नका. गोमाजी कधी उठला, तर तिथून त्याचा वॉकर गेला पाहिजे.

साहेब येणार म्हणून मात्र मी उठणार नाही.