निर्मळपर्यंत धावायचं यांनी होतं

वसई पूर्वेच्या गोखिवऱ्याहून निर्मळला जायचं तर रिक्षा आहे, एस.टी. आहे. आम्ही दोघं गेल्या डिसेंबरात जसे गेलो तसं कुणी जाऊ नये. पण रस्ता फार चांगला आहे आणि हिवाळ्यात कुणाचा विचार असेल तर उपयोगी पडेल, म्हणून लिहिते. टाइप करायला मुलीकडून, मनूकडून शिकले आहे. चुका माझ्या.

आधी जायचं कारण सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचे हे गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात फिटर आहेत. लग्नाच्या आधीपासून रोज पहाटे धावायचे. "धावून आलं की माणूस धुऊन वाळत घातल्यासारखा हलका होतो," म्हणायचे. मी "हो का" म्हणून पुढच्या कामाला लागायची. मला त्या वेळी नळाचं पाणी भरायचं असे. तीन वर्षांपूर्वी धुक्यात एका टेम्पोनं त्यांना उडवलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी मोडलं, आत सळई घालावी लागली. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर बसून मी निर्मळच्या महादेवाला बोलले, "यांचा पाय वाचू दे. हे आमच्या घरापासून तुझ्या दारापर्यंत धावत येतील."

शहाणी बाई नारळ बोलली असती, फार तर अभिषेक. पण त्या वेळी मला यांचं धावणंच आठवलं आणि मी तेच देवाला देऊन बसले. यांना न विचारता.

पाय वाचला. मी नवसाचं बोललेच नाही, कारण पहिलं वर्ष तर हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे. दवाखाना, औषधं, मनूची शाळा, गाळ्याच्या मालकाकडे हेलपाटे, सगळं माझ्या अंगावर. रोज रिक्षा परवडणारी नव्हती. म्हणून चाळिसाव्या वर्षी मनूची सायकल शिकले, शुक्रवारी गाळे बंद असतात तेव्हा तिथल्या मोकळ्या रस्त्यावर. दोनदा गटारात गेले. पण एकदा जमल्यावर उतारावर पायडल न मारता ती आपोआप चालली ना, तेव्हा मी मोठ्यानं हसले होते. त्या वर्षात दुसरं कधी हसल्याचं आठवत नाही.

पुढे यांची काठी सुटली, बसून करायचं काम मिळालं. धावायचे बूट मात्र माळ्यावरच राहिले. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, गुडघ्याला चांगली. यांची सायकल आजारपणात विकून टाकलेली. "लेडीज सायकलवर मी बसत नसतो," म्हणाले आणि विषय संपला. थंडी पडली की पाय ठणकायचा. ठणकला की मला वाटायचं, नवस राहिलाय म्हणून. त्यांच्या पायाकडे बघून बघून मी अगदी शिणून गेले होते. शेवटी एका सकाळी भाकऱ्या थापता थापता सांगून टाकलं.

"माझ्या पायाचा सौदा तू परस्पर केलास?"

"तुम्ही बेशुद्ध होता."

"मग शुद्धीवर आल्यावर सांगायचं."

"तेव्हा तुम्ही ओरडत होता."

त्यांनी दोन भाकऱ्या संपवल्या. मग हात धुताना म्हणाले, "शुक्रवारी जाऊ. जमेल तेवढं बघू. नाहीतर तू माझ्या पायाकडे जन्मभर बघत बसशील, देवाचं पार्सल अडकल्यासारखं."

मला खरं तर सोमवार हवा होता. पण सुट्टी शुक्रवारची, तेवढं महादेवानं समजून घ्यावं.

पहाटे साडेपाचला निघालो. मनूची दहावी, ती अभ्यासाला उठली होती. तिनं माळ्यावरचे बूट आधीच काढून पुसून ठेवले होते. यांनी ते पायात घातले, नाडी तीनदा बांधली. मी सायकलवर. पुढच्या टोपलीत नारळ, फुलं, पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे चार लाडू आणि पायाला बांधायची पट्टी.

जाणाऱ्यांना एक सांगते, स्टेशनजवळचा पूल सहाच्या आत ओलांडा. त्यानंतर दुधाच्या गाड्या आणि टेम्पो सुरू होतात, अरुंद जागेत सायकल धरून चालायचीही सोय राहत नाही. पुलापर्यंत हे चालतच आले. मी सायकलवर बसून त्यांच्या वेगानं जात होते. ते धावण्यापेक्षा कठीण, सारखा तोल जातो. पलीकडे उतरल्यावर अंबाडी रस्त्याला त्यांनी पहिल्यांदा पावलं उचलली. शंभर पावलं धावायची, दोनशे चालायची. मी मनात मोजत होते. त्यांनाही ते कळत होतं.

"मोजू नको."

"मी कुठं मोजतेय?"

"ओठ हलतायत तुझे."

"जप करतेय."

"शंभरालाच कसा थांबतो तुझा जप?"

बाभोळ्याला चहा घेतला. तीन रुपयांत चांगला, आल्याचा. तिथून पुढे वसईचं रूप बदलतं. बिल्डिंगा मागे पडतात आणि दोन्ही बाजूंनी वाड्या सुरू होतात, केळी, नारळ, पालेभाजीचे वाफे, विहिरीवर पंपाचा आवाज. नाताळ जवळ आला होता. घरांच्या ओट्यांवर कागदी चांदण्या टांगलेल्या, काहींत रात्रीचा दिवा अजून जळत होता. वळणावळणावर क्रूस आहेत, पुढे मेणबत्त्या आणि ताजी फुलं. मला फुलं वाहिलेली कुठलीही जागा दिसली की हात जोडल्याशिवाय पुढे जाववत नाही.

"एवढ्या ठिकाणी हात सोडलास तर सायकल कोण धरणार?" हे म्हणाले. गिरीजपर्यंत ते असे थट्टेच्या मूडमध्ये होते. मला वाटलं, होतंय. चेहरा लाल, पण खूप दिवसांनी डोळे पुढे बघत होते. गिरीजच्या पुढे मात्र शंभराची साठ झाली, साठाची तीस. 

भुईगावच्या अलीकडे रस्त्याखालून पाणी जायला एक मोरी आहे. तिच्या कठड्यावर ते बसले आणि उठले नाहीत. गुडघ्याच्या वर पाय सुजून घट्ट झाला होता. मी पट्टी काढली, त्यांनी ती हातातून घेऊन बाजूला ठेवली.

"रिक्षा बघ."

"थोडं थांबून बघू या का?"

"रिक्षा बघ म्हटलं ना. नाही होत. हे मला तीन वर्षांपूर्वीच माहीत होतं, आज तुलाही कळलं. झालं?"

 भांडायला ताकदच नव्हती. चारला उठलेली, त्याआधीची तीन वर्षंही उठलेलीच. अडीच-तीन किलोमीटर उरलं होतं. देवाचा राग येईल ही भीती होतीच. पण जास्त भीती याची वाटली, की आता हे रिक्षात बसले तर बूट पुन्हा माळ्यावर जातील आणि हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील, आणि ते माझ्या नवसामुळे.

तेवढ्यात बाजारातून परतणारी एक बाई सायकल थांबवून उतरली. पन्नाशीची असेल, मागे दोन रिकाम्या टोपल्या, गळ्यात क्रूस.

"काय झाला काका? पडले काय? पानी देऊ?"

मी पाणी आहे म्हटलं आणि कसं कोण जाणे, सगळं सांगत सुटले. नवस, सळई, सगळं. हे दुसरीकडे बघत बसले. बाईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझे आईनं पन असाच केला," ती म्हणाली. "बाबा आजारी, हिनं मावलीला बोलून टाकला, बाबा बरा झाला की अनवानी चालत येल. बाबा बरा झाला. गेला काय? नाय गेला. आईच गेली चालत."

"देवाला चाललं ते?"

"न चालायला काय? देवाघरी हजेरीपट हाय काय, नाव बघून सही घेतात?" मग तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुझे पाय तर बरे हायत. बोलली तू, तर धाव की तूच! काकाला दे सायकल."

हे पहिल्यांदा हसले. "ही? ही बससाठीसुद्धा धावत नाही. पुढची येईल म्हणते."

मला ते लागलं. आठवीत असताना शाळेच्या मैदानावर मी शेवटची धावले असेन, त्यानंतर खरंच नाही. मी साडीचा पदर कमरेला खोचला, चपला काढून टोपलीत नारळाशेजारी टाकल्या आणि सायकल यांच्यापुढे उभी केली.

"लेडीज आहे," हे म्हणाले.

"काका, बघतंय कोन? मी बघते, नि मी पन लेडीजच." बाई हसत सायकलवर बसून निघूनही गेली. तिचं नाव विचारायचं राहिलं.

मी धावायला लागले. मागे वळून बघितलं नाही. ते आले नाहीत तर काय करायचं हे ठरवलं नव्हतं. तीस-चाळीस पावलांत छातीत कळ आली, तोंड सुकलं, मंगळसूत्र हनुवटीवर आपटत होतं. शाळेत निघालेली मुलं थांबून बघू लागली. एवढ्यात मागून सायकलची ओळखीची चेन वाजली, ती खालच्या बाजूला घासते.

"तोंड बंद. नाकानं श्वास घे. खांदे कशाला वर घेतेस, डोक्यावर हंडा आहे का?"

"बोलू नका."

"मूठ सोड. हात ढिले. पाऊल लहान टाक. अगं लहान! पदर सांभाळ नाहीतर धाव, एक काय ते कर."

मी पाऊल लहान केलं. केळीच्या सावलीत रस्त्याची कड गार होती, मऊ मातीची. मग चालले, मग पुन्हा धावले. हे शेजारून हळूहळू पायडल मारत सारखं बोलत होते, कधी चढावर कसं वाकायचं, कधी स्वतः पहिल्यांदा धावले तेव्हा ओकले होते ते. तीन वर्षांत मिळून ते एवढं बोलले नसतील. एका ठिकाणी, कुठं ते आता सांगता यायचं नाही, माझा श्वास आणि पावलं जुळली. दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर. दुखत होतं, पण दुखणं कुणीतरी दुसरंच उचलून चाललंय असं वाटलं. जेमतेम शंभर पावलं टिकलं असेल ते. मी हसले की रडले ते यांना विचारलं नाही. त्यांनी मान दुसरीकडे वळवली, एवढं दिसलं.

निर्मळचा तलाव दिसला तेव्हा माझ्या तळव्याला फोड आला होता. पायऱ्यांवर पाय धुतले. पाणी असं गार की डोक्यापर्यंत गेलं. देवळात गर्दी नव्हती, शुक्रवार ना. यांनी बूट काढले, माझ्या खांद्यावर हात ठेवून उंबरठा ओलांडला. मी नारळ गुरुजींच्या हातात देऊन खरं काय ते सांगितलं, की धावायचं यांनी होतं आणि धावले मी, तेही शेवटचं थोडंसं. हा नवस फिटला का?

गुरुजींनी नारळ कानाशी हलवून बघितला. "बाई, बोलताना कुणाला विचारलं होतं?"

"नाही."

"मग फेडताना कशाला विचारता?" आणि नारळ फोडला.

एवढ्यानं माझं समाधान झालं असं नाही. अजून कधी कधी शंका येते. पण बाहेर कट्ट्यावर बसून लाडू खाताना हे म्हणाले, "तुझ्या देवाला सांग, साठ-साठ पावलं मीपण आलोय. तेवढी धरायला सांग." ती धरली असतील असं मला वाटतं.

परत कसं यायचं याचा विचार घरून केलाच नव्हता. सायकल एक, धड पाय एकाचाही नाही. मी म्हटलं, तुम्ही एस.टी.नं जा. हे सायकलवर बसलेच होते. "सुजलेला पाय खाली सोडून बसण्यापेक्षा फिरता बरा. तू जा बसनं." तिकीट आठ रुपये, खिडकी मिळाली. पुढे रस्त्यात आमच्या बसनं त्यांना मागे टाकलं. टोपलीत माझ्या चपला तशाच, मी अनवाणी बसमध्ये. त्यांनी वर बघितलं नाही. एक पाय जोर देत होता, दुसरा नुसता पायडलबरोबर फिरत होता. मी वळून वळून बघत राहिले, मग वळण आलं.

घरी येऊन दाराशी बसले. मनूनं चहा दिला, तो निवला. पाऊण तास, एक तास. मनू म्हणाली, "आई, बाबा लहान आहेत का?" दीड तासानं खाली तीच चेन घासल्याचा आवाज आला. हँडलला राजेळी केळ्यांचा अख्खा फणा लटकवलेला. किती दिले विचारलं तर म्हणाले, "आज विचारू नको." म्हणून खर्चाचा हा आकडा मी देऊ शकत नाही. बाकी नारळ, फुलं, चहा, तिकीट धरून पन्नासच्या आत झालं.

चार दिवस आम्ही दोघंही भिंत धरून चाललो. पाय अजून ठणकतो, थंडीत जास्तच. ते पुन्हा धावले नाहीत, बहुतेक धावणारही नाहीत. बूट मात्र माळ्यावर गेले नाहीत. दाराशी असतात आणि कामावर जाताना तेच घालून मनूच्या सायकलवर बसतात. मीही अजून दमलेलीच असते, एका दिवसानं तीन वर्षं थोडीच उतरतात. पण शुक्रवारी पहाटे गाळ्यांच्या मोकळ्या रस्त्यावर आम्ही जातो. मी धावते, ते शेजारून सायकलवर ओरडतात.

परवा तिथेच मी धापा टाकत गटाराच्या कठड्यावर बसले होते. त्यांनी सायकल उभी केली.

"खरं सांग. माझ्या नावावर आणखी काय काय बोलून ठेवलंयस?"

"एकच. जीवदानीच्या पायऱ्या."

ते देवीच्या, विरारच्या डोंगराकडे बघत राहिले. इथून तो दिसत नाही, तरी त्याच दिशेला.

"पाय कुणाचे बोललीस?"

"आपले," मी म्हटलं. "त्या वेळी नीट सांगायचं सुचलं नाही."