ताट पुढे गेलं

शरदचंद्र रणनवरे यांनी जन्मभर पत्रा सरळ केला. नगरच्या मिशनच्या तंत्रशाळेतून ते तरुणपणीच जर्मनीला आले आणि इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात पोचे काढता काढता म्हातारे झाले. डोळे मिटून तळहात फिरवला तरी पोचा कळायचा. माणसांवरही ते तसाच हात फिरवत.

महिन्यातून एका रविवारी जर्मन चर्चच्या मागच्या हॉलमध्ये मराठी ख्रिस्ती मंडळी जमे. गार्चिंगच्या विद्यापीठातून विद्यार्थी येत. रणनवरे तिथले पंच. बायकांचं डोकं झाकलेलं हवं, उशिरा येणाऱ्याने मागे बसावं, प्रार्थना संपेपर्यंत पाण्याला हात लावू नये. आणि जो शिस्त मोडून राहतो, त्याच्यापुढे प्रभुभोजनाचं ताट थांबणार नाही. ताट ते स्वतः फिरवत.

ताटातली बिनखमिराची भाकर त्यांची बायको प्रभा करायची. कणीक घट्ट, भरपूर मळलेली, मंद तव्यावर भाजलेली. २००६ च्या वसंतात प्रभा कर्करोगाने गेली. शेवटचे महिने त्यांच्या मुलीने, शमिकाने, तिचं सगळं केलं. अंग पुसलं, कूस बदलली, उशाशी बसून शास्त्र वाचलं. ही तीच मुलगी, जी शाळेत असताना ‘तुमचा देव तुम्हालाच लखलाभ’ म्हणून दार आपटून हॅनोव्हरला निघून गेली होती. आता ती कुणी न बोलावता उपासनेला येई, शेवटच्या खुर्चीवर बसे आणि आवाज न करता रडे.

पण ती यॉर्ग नावाच्या मित्राबरोबर राहत होती, लग्नाशिवाय. आई गेल्यानंतरच्या पहिल्याच प्रभुभोजनाला तिने हात पुढे केला. रणनवऱ्यांनी ताट तसंच पुढच्या माणसाकडे नेलं. हात हवेत राहिला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, “पप्पा, मी बदललेय.”

“ते दिसत नाही. लग्न दिसतं.”

तरी ती येत राहिली. भाकरीचं काम आता मंडळीतल्या सुनेत्राने घेतलं होतं. नाताळाआधीच्या ॲडव्हेंटमधल्या रविवारी उपासना संपल्यावर उरलेला तुकडा चघळत रणनवरे म्हणाले, “सुनेत्रा, भाजणं, मीठ, सगळं हुबेहूब प्रभाचं. अशी मेहनत आता कोण घेतं?”

सुनेत्राने आधी स्वतःचं पट्टी बांधलेलं मनगट पाहिलं, मग त्यांच्याकडे. “काका, मला उन्हाळ्यापासून कणीक मळता येत नाही. शमिका करते. कुणाला सांगू नकोस, असं मीच तिला म्हटलं होतं.”

हॉलमधला खुर्च्या उचलण्याचा आवाज थांबला.

“म्हणजे इतके दिवस आम्ही...”

“खाल्लीत. आशीर्वादही मागितलात तिच्यावर. तेव्हा हाताला पोचा लागला नाही?”

शमिका कोट घालून दाराशी उभी होती. ती एका शब्दाची वाट पाहत होती, हे त्यांना कळलं. ताटात एक तुकडा उरला होता. तो घेऊन हॉल ओलांडायचा, एवढंच काम. वजन काहीच नव्हतं.

ते मंडळीकडे वळले. “पुढच्या महिन्यापासून भाकर करायची नाही. दुकानातल्या पाकीटबंद चकत्या आणायच्या.”

“गेनाऊ. अगदी बरोबर,” शमिका म्हणाली. तिने हॉलच्या स्वयंपाकघरातून आईचं पोळपाट-लाटणं काढलं, पिशवीत घातलं आणि स्टेशनकडे चालू लागली.

पुढच्या महिन्यात सगळं नियमानुसार पार पडलं. डोकी झाकलेली, कुणालाही उशीर नाही. रणनवरे ताट घेऊन रांगेने गेले. शेवटच्या खुर्चीपुढे पाय आपोआप थांबले. खुर्ची रिकामी होती.

जागेवर येऊन त्यांनी चकती तोंडात टाकली. ती टाळूला चिकटली. जीभ फिरवूनही सुटेना. डोळ्यांत पाणी आलं.

“काका, पाणी देऊ?” सुनेत्रा हळूच म्हणाली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. प्रार्थना अजून संपायची होती.