तात्यांचा बटाट्यांचा ट्रक

शिंपल्याच्या धारेखालून आधी निळा रंग सुटला, मग पिवळा, मग जाड, रापलेला हिरवा... आणि त्याच्याही खालून, पांढऱ्यावर ओढलेला एक लाल पट्टा वर आला. मी तेव्हा चौथीत होते. ट्रकला रक्त आलं असं वाटून मी शिंपला तिथेच टाकला आणि किंचाळत अंगणात पळाले.

हा ट्रक बाबांनी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून, गॅसकटरच्या तोंडून ओढून आणला होता. मिलिटरीचा आहे, यापलीकडे विकणाऱ्यालाही काही ठाऊक नव्हतं. नंबरच्या पट्ट्या उखडलेल्या, मागचं छत कापून नेलेलं, कमरेएवढ्या पत्र्याच्या भिंती तेवढ्या उरलेल्या. मधल्या काळात कोणीतरी त्यावर पाण्याची टाकीही बसवली असावी. रोडपालीच्या आमच्या घरामागे तो येऊन उभा राहिला तेव्हा त्याच्यासोबत एक वास आला – गंजाचा, जुन्या ग्रीसचा, ओल्या ताडपत्रीचा – आणि खाडीवरून येणाऱ्या खारट, चिखलाळ वाऱ्यात मिसळून गेला. आजही एखाद्या गॅरेजवरून जाताना तो वास नाकात शिरतो आणि हातात कालवाचा शिंपला असल्याचा भास होतो. रंग खरवडायला आम्हा पोरांना तेच हत्यार मिळालं होतं.

बाबांनी ट्रक आणला तो तात्यांसाठी. तात्या म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, फौजेतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. शेतं होती तोवर ते शेतात रमले. शेतं नव्या वसाहतीच्या इमारतींखाली गेली आणि तात्या ओटीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. चहा गार व्हायचा, पेपर घडी न मोडता पडून राहायचा. "हा असाच बसला ना, तर बसल्या जागी संपंल एक दिस," बाबा आईला म्हणायचे. भावाला त्याचं तारुण्य आणून द्यावं, म्हणजे तो उठेल... इतका भाबडा हिशोब होता बाबांचा.

फौजेत काय केलं, असं कोणी विचारलं की तात्यांचं उत्तर ठरलेलं असे – "बटाटं वाहत होतो." एकाहत्तरच्या लढाईतही बटाटेच. गाव त्यांना तोंडावर 'बटाटा फौजी' म्हणायचं आणि सगळ्यांत मोठ्याने हसायचे ते तात्याच. शेतमालाचा टेम्पो ते चालवत त्या रीतीचीही यथेच्छ टिंगल व्हायची. खड्डा दिसला की तात्या जवळजवळ थांबत, चाक अलगद उतरवत, अलगद चढवत. तेवढ्यात मागची म्हैस पुढे निघून जाई. आणि मागे कोणीही बसलेलं असो, दर थोड्या वेळाने मान न वळवता विचारत, "मागं सगली बरी हाय ना?" आम्ही पोरं एका सुरात ओरडायचो, "बरी हाय!" आमच्या लेखी तो खेळ होता, तात्यांचा आणि आमचा.

ट्रक आला त्या संध्याकाळी तात्या खरोखरच खुर्चीतून उठले. त्याच्याभोवती सावकाश फिरले, दाराच्या बिजागरीवर बोट फिरवलं, बॉनेटखाली डोकं घातलं आणि म्हणाले, "जबलपूरच्या फौजी कारखान्यातली हाय." मागच्या पत्र्याला आतून लोखंडी आकड्यांची एक रांग होती. बाबांनी विचारलं, "हे कशाला रं तात्या?" तात्यांनी ते आकडे एकेक करून हाताने चाचपले. मग म्हणाले, "पोती बांधायला." आणि न जेवता झोपायला गेले.

पण सकाळी पाना घेऊन हजर! बाबांना आभाळ ठेंगणं झालं. मग ते दिवसच ट्रकचे झाले – दाराशी डिझेलमध्ये बुडवलेले नटबोल्ट, वाळत घातलेल्या मासळीशेजारी वाळणारी सीटची काथ्याची गादी, आईच्या ओरड्याला न जुमानता मोरीत घासले जाणारे काळेकुट्ट हात. बाबा बाजारातून सुटे भाग शोधून आणत, तात्या ते डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने ओळखत. तात्या दोन वेळा पोटभर जेवू लागले. शीळसुद्धा घालू लागले. एक दिवस माझ्या शिंपल्याखाली तो लाल पट्टा उगवला, आणि ती शीळ बंद झाली.

माझ्या किंकाळीने सगळे धावले. पांढऱ्या वर्तुळाचा खालचा अर्धा भाग आणि त्यात तो लाल पट्टा. वरचा भाग कापलेल्या पत्र्याबरोबर गेलेला. शाळेतल्या प्रथमोपचाराच्या पेटीवर तसंच चिन्ह होतं, आणि मी ते बोलूनही दाखवलं. तात्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "पत्रा दुसऱ्या गाडीचा हाय. हिरवा मार त्याच्यावर," एवढंच ते बाबांना म्हणाले. त्यांचा आवाज असा काही झाला होता की बाबांनी लगेच डबा उघडला आणि दोन हात मारले.

दसऱ्याला ट्रक सुरू झाला. झेंडूच्या माळा, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. तात्या चालवायला, शेजारी बाबा, आणि मागे ताडपत्रीच्या सावलीत आम्ही सारी चुलत भावंडं... थेट पनवेलच्या वडाळे तळ्यापर्यंत फेरी. जाताना दर खड्ड्याला तो प्रश्न आणि दर खड्ड्याला आमचा आरडाओरडा. तळ्याकाठी गोळा खाल्ला, ओठ लाल झाले. परतताना ऑक्टोबरचं ऊन ताडपत्रीवर तापत होतं, खालचा पत्रा एका संथ लयीत थरथरत होता, आणि एकेक करत आम्ही आडवे झालो. कधी झोप लागली, कळलं नाही.

जाग आली ती जोरदार धक्क्याने. तात्यांच्या गाडीत आयुष्यात पहिल्यांदा बसलेला धक्का! मागचं फळकं धाडकन कोसळलं आणि उन्हाच्या झोतात तात्यांचा चेहरा दिसला... तो चेहरा मी ओळखला नाही. खरंच सांगते, क्षणभर मला वाटलं, हा कोणी परका माणूस आहे. त्याने माझा घोटा धरला, गदागदा हलवला. "बोल! तू बोल!" मग माझ्या शेजारी झोपलेल्या चुलतभावाचा, बंड्याचा घोटा. "बोल रं! बोल!" आम्ही सगळी भेदरून रडायला लागलो, तेव्हा कुठे त्याचा हात सुटला. तात्या रस्त्याच्या कडेला मातीतच बसले.

बाबा धावत आले. "तात्या, झोपली व्हती रं पोरं..."

"चार घातलं व्हतं मागं," तात्या रस्त्याकडे बघत म्हणाले. "वाटभर इचारत व्हतो. आदी चार आवाज आलं. मंग दोन. पुलाशी एक. मंग मी एकटाच इचारतोय... थांबायचा हुकूम नव्हता. मी थांबलो नाय."

बाबा पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याशेजारी मातीतच बसले. ते आकडे पोत्यांचे नव्हते, जखमी जवानांच्या स्ट्रेचरचे होते. आणि बटाट्यांसाठी कोण एवढं जपून गाडी चालवतं, हा प्रश्न एवढ्या वर्षांत गावातल्या एकालाही पडला नव्हता. हा ट्रक म्हणजे फौजेची रुग्णवाहिका, हे तात्यांनी पहिल्याच संध्याकाळी ओळखलं होतं. तरीही भावाचा आनंद मोडू नये म्हणून ते रोज सकाळी पाना घेऊन येत होते.

"गावात बोलू नको," घरी पोचल्यावर ते बाबांना म्हणाले, आणि आम्ही कोणीच बोललो नाही. गाव त्यांना बटाटा फौजीच म्हणत राहिलं, तेही हसत राहिले. फक्त आम्हाला आता हसता येत नसे. खुर्चीत मात्र ते परत बसले नाहीत. शेवटपर्यंत रोज सकाळी ट्रक पुसत राहिले, आणि लाल पट्ट्यावर मारलेल्या त्या हिरव्या चौकोनावरून फडकं जरा हळू फिरायचं.

तात्या गेले. पुढे घरामागची जागाही गेली आणि ट्रक जिथून आला होता तिथेच, लोखंड बाजारात परतला. बाबा पोचवायला गेले नाहीत.

आता मी गाडी चालवते. कळंबोलीच्या पुलाखालचे खड्डे आले की माझ्याही नकळत माझ्या तोंडून जातं, "मागं सगली बरी हाय ना?" मागच्या सीटवरून माझी लेक ओरडते, "बरी हाय!" तिच्या लेखी तो खेळ आहे. कधी ती झोपलेली असते, उत्तर येत नाही. घरी पोचायला कितीही उशीर झालेला असो, मागून कितीही हॉर्न वाजोत... मी गाडी बाजूला घेते आणि थांबते.